वाडा, देवराई आणि न दिसलेले गाव

मराठी रंगभूमीवर माणसाचे मन ढळू लागले की आधी वाड्याचे दरवाजे बंद होतात. जयवंत दळवींचे ‘बॅरिस्टर’ हे याचे ठसठशीत उदाहरण. ‘अंधाराच्या पारंब्या’ या त्यांच्याच कादंबरीतून आलेल्या या नाटकातला नायक विलायतेहून शिकून आलेला, सुधारकी विचारांचा आहे. पण त्याच्या डोक्यावर टांगती तलवार आहे ती घराण्यातल्या वेडाची. विजया मेहता यांनी हे नाटक बसवले, पुढे १९८६ मध्ये त्यावर ‘रावसाहेब’ हा हिंदी चित्रपट केला. नाटक मोठे आहे यात वाद नाही. मला त्यात खटकते ते एवढेच, की या वाड्याला गाव नाही. वाड्यात दूध घालणारा कोणी असेल, हजामतीला येणारा कोणी असेल, कोपऱ्यावर वाण्याचे दुकान असेल. त्या सगळ्यांना आत काय चालले आहे याचा पत्ता असणारच. दळवींना त्यांची गरज वाटली नाही, कारण त्यांच्या दृष्टीने वेड ही घराण्याची मिळकत होती. ती वारशाने येते आणि भिंतीच्या आतच भोगून संपवायची असते.

वाड्यानंतर आपल्या कलाकृती निसर्गाकडे वळल्या. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ २००४ चा. स्किझोफ्रेनिया हा शब्द मराठी घरांत बोलता यावा यासाठी या चित्रपटाने जे केले ते दहा व्याख्यानमालांनी झाले नसते. त्याच्यामागे डॉ. जगन्नाथ वाणी होते. मूळचे धुळ्याकडचे, कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था त्यांनी उभी केली. घरात हा आजार पाहिलेल्या माणसाने पुढाकार घेतल्यामुळे चित्रपटात आजार आजारासारखा दिसतो, शापासारखा नाही. अतुल कुलकर्णींचा शेष आणि सोनाली कुलकर्णींची सीना ही भावंडे पाहताना, घरातला एक आजारी पडला की दुसऱ्याचे आयुष्य कसे खर्ची पडते, हे पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर आले. शेषच्या मनात मात्र कोकणातली देवराई आहे. दाट, ओली, पवित्र.

त्याच दोघांचा ‘कासव’ही समुद्रकाठी घडतो. सुवर्णकमळ मिळालेला हा चित्रपट नैराश्याविषयी आहे, म्हणजे मी ज्या तीव्र मनोविकारांबद्दल बोलतो आहे त्याच्या जरा अलीकडचा. आपल्याकडे मन बिघडले की त्याला हिरवळ लागते, समुद्र लागतो, असे हे चित्रपट पाहून वाटू लागते. मी राहतो लातुरात. इथे जानेवारीपासून टँकरची चर्चा सुरू होते. २०१६ च्या उन्हाळ्यात या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. निलंग्याच्या किंवा मुखेडच्या एखाद्या घरातल्या मुलाला आवाज ऐकू येऊ लागले तर त्याच्या वाट्याला देवराई नाही. पत्र्याची खोली, समोरचा रस्ता आणि गाव एवढेच आहे. ते गाव मराठी कलाकृतींत कुठे आहे, हा माझ्या या लेखाचा प्रश्न.

तो केवळ सौंदर्यशास्त्राचा प्रश्न नाही, म्हणून थोडे आकड्यांकडे वळतो. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार जुनी मनोरुग्णालये आहेत, चारही इंग्रजी अमदानीतली. निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही. २०१५-१६ चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झाले. त्यांत महाराष्ट्र नव्हता. त्या सर्वेक्षणाप्रमाणे देशात प्रौढांपैकी ०.८ टक्के लोकांना त्या वेळी तीव्र मनोविकार होता. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ६१ हजार आणि लातूरची २४ लाख ५४ हजार होती. दोन्ही मिळून प्रौढ ३५ लाख धरले आणि देशाचे प्रमाण तसेच लावले, तर अठ्ठावीस हजारांच्या आसपास माणसे होतात. हा माझा ढोबळ हिशेब आहे, शास्त्रीय अंदाज नव्हे. पण निम्मा केला तरी तो लहान होत नाही. आजारी माणसांपैकी बहुसंख्य उपचाराविना राहतात, हेही त्याच सर्वेक्षणाने सांगितले आहे.

उपचार नाहीतच असे नाही. नांदेडला आणि लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, दोन्ही शहरांत खासगी मानसोपचारतज्ज्ञ आहेत. अडचण दवाखान्याच्या पायरीच्या अलीकडे सुरू होते. माहूर-किनवटकडून नांदेडला यायचे तर जाण्यायेण्यात दिवस मोडतो. आजारी माणूस एकटा येऊ शकत नाही, म्हणजे दोघांची मजुरी बुडते. शिवाय ज्याला आपण आजारी आहोत हेच मान्य नसते, त्याला एसटीत बसवणार कोण? गोळ्या सुरू झाल्या, हात थरथरू लागले, झोप फार येऊ लागली की घरचेच म्हणतात, गोळ्यांनी पोरगा बिघडला. गोळ्या बंद होतात. पुन्हा आवाज, पुन्हा मारझोड, पुन्हा कर्ज काढून गाडी. इथे डॉक्टर आणि नातेवाईक या दोघांच्या मधे एक तिसरा माणूस लागतो. आणि आपल्या नाटक-चित्रपटांत नेमके तेच पात्र जवळजवळ लिहिले गेलेले नाही.

प्रत्यक्षात ते पात्र अस्तित्वात आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांबरोबर त्यांच्या नातेवाइकांनाही आवारात तंबू ठोकून राहायला बोलावले. नातेवाईक उपचार बघत, इतर घरांच्या कहाण्या ऐकत आणि आपल्या माणसाला घेऊन परत जात. आपल्या सीमेला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यात, कुष्ठरोग्यांसाठी निघालेल्या आशाग्राम या संस्थेने पुढे गावातल्याच कार्यकर्त्यांकडून स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे पुनर्वसन करून पाहिले. कुष्ठरोग आणि वेड, दोन्ही गावकुसाबाहेर काढलेली दुखणी, आणि एकाच आवारात दोन्हींचा विचार झाला, हा योगायोग नसावा.

या प्रकारच्या कामाचा सर्वांत काटेकोर पडताळा झाला त्यात साताऱ्याचा वाटा आहे, हे मराठी वाचकाला ठाऊक असायला हवे. गोवा, सातारा आणि तामिळनाडू अशा तीन ठिकाणी झालेला हा अभ्यास २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. डॉ. सुदीप्तो चटर्जी आणि सहकारी. सहकाऱ्यांत साताऱ्याचे डॉ. हमीद दाभोलकर. २८२ रुग्ण. त्यांतल्या ९५ जणांना दवाखान्यातले नेहमीचे उपचार, आणि १८७ जणांना त्या उपचारांच्या जोडीला घरी येणारा एक कार्यकर्ता. हा कार्यकर्ता डॉक्टर नव्हता, मानसशास्त्राचा पदवीधरही नव्हता. प्रशिक्षण दिलेला साधा माणूस. त्याने करायचे काय? घरच्यांना आजार समजावून सांगायचा. गोळी का सुटते ते विचारायचे, रागावायचे नाही. आंघोळ, दाढी, वेळेवर जेवण यांची घडी बसवायची. शेजारी टिंगल करतात त्याचे काय करायचे यावर घरात बोलायचे. सरकारी सवलतीचे कागद करून द्यायचे. जमेल तसे काम शोधायचे, मग ते शेळ्या वळण्याचे का असेना.

बारा महिन्यांनंतर निकाल काय आला? मला या अभ्यासातले सर्वांत वाचनीय पान हेच वाटते, कारण त्यात बढाई नाही. लक्षणे मोजण्याची जी पट्टी तीसपासून दोनशे दहापर्यंत जाते, तिच्यावर दोन गटांत सरासरी फरक पडला चारहूनही कमी गुणांचा. लक्षणे वीस टक्क्यांहून अधिक कमी झालेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, ५१ टक्के. दैनंदिन जगण्यातली अडचण थोडी अधिक कमी झाली. चमत्कार नाही. तामिळनाडूतल्या ग्रामीण केंद्रावर मात्र फरक ठळक होता, लक्षणांतही आणि जगण्यातही. मी त्याचा अर्थ असा लावतो: जिथे दवाखाने, तज्ज्ञ आणि वाहने हाताशी आहेत तिथे घरी येणारा माणूस ही एक भर असते, जिथे यांतले थोडेच आहे तिथे तोच उपचाराचा कणा होतो. लातूर-नांदेडची खेडी कोणत्या बाजूला पडतात हे सांगायला नको.

आता ‘कासव’कडे परत यावे लागते, कारण हा चित्रपट माझ्या मांडणीला अडचण करतो. त्यात तिसरा माणूस आहे. इरावती हर्षे यांची जानकी मानवची कोणी लागत नाही. ती डॉक्टरही नाही. कोण, कुठला हे न विचारता ती त्याला घरात ठेवते. तिचा ड्रायव्हर, दत्ताभाऊ, गावातला एक पोरगा, सगळे मिळून त्याला जेवू घालतात आणि त्याच्या वाटेला जात नाहीत. काळजी म्हणजे काय हे इतक्या कमी शब्दांत मराठी पडद्यावर क्वचितच आले असेल. तरीही एक फरक उरतो. मानव तिथे परका आहे, आणि परका आहे म्हणूनच ही माणसे त्याच्याशी इतकी स्वच्छ वागू शकतात. आपल्याच गावात आजारी पडलेल्या माणसाला ही सोय नसते. त्याने कोणाच्या दारात शिव्या दिल्या, कोणाच्या गंजीला काडी लावली, कोणाच्या सुनेकडे टक लावून पाहिले, हे सगळे गावाच्या ध्यानात असते. सातारा किंवा बडवानीचा कार्यकर्ता या स्मरणशक्तीशी झगडतो. ते ‘कासव’ने दाखवले नाही. तो त्याचा विषयही नव्हता.

गावाची ही स्मरणशक्ती आणि गावाची सोसण्याची ताकद दोन्ही एकत्र पाहायची असेल तर सातशे वर्षे मागे जावे लागते. महानुभावांच्या पंचकृष्णांपैकी श्रीदत्तात्रेय नांदेड जिल्ह्यातल्या माहूरचे. श्रीगोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राऊळ हे वऱ्हाडातल्या ऋद्धिपूरचे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या ‘ऋद्धिपूरलीळां’त त्यांचे जे वर्तन आले आहे ते लोकांच्या नजरेला वेडाचे वाटावे असे आहे. कोणाच्याही घरात शिरणे, आवडेल ते खाणे, स्वतःशी बोलणे, हसणे, रागावून मारायला धावणे, आणि शिवाशिव न मानता महार-मांगांच्या वस्तीत जाणे. ॲन फेल्डहाउस यांनी या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले, आणि देव व वेडा या दोन प्रतिमा या चरित्रात कशा एकमेकींत मिसळतात यावर स्वतंत्र लेख लिहिला. गोविंदप्रभूंचे निदान करणे हा माझा हेतू नाही. ते उद्धटपणाचे आणि निरर्थकही होईल. मला या ग्रंथात रस आहे तो ऋद्धिपूरमुळे. इथे गाव पात्र आहे. बायका तक्रार करतात, भांडी झाकून ठेवतात, चिडतात आणि पुन्हा वाढतात. विक्षिप्त वागणाऱ्या एका माणसाभोवती एक अख्खे गाव आपला दिवस कसा लावून घेते, याचे इतके बारकाईचे वर्णन मराठी गद्याने आपल्या पहिल्याच शतकात केले. पुढे ती नजर हरवली.

इथे एक धोका आहे, आणि त्यात आपले पुष्कळ भाबडे लेखन पडते. ऋद्धिपूरकरांनी सोसले कारण त्यांच्या लेखी राऊळ ईश्वर होते. साध्या माणसाला ही सवलत मिळत नाही. बाईला तर नाहीच. तिला माहेरी धाडून दुसरे लग्न उरकले जाते. विएडा स्कल्टन्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी फलटणच्या महानुभाव मंदिरात रुग्णांना घेऊन राहिलेल्या कुटुंबांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात आजाऱ्याबरोबर आलेली आई किंवा बायको स्वतःच्या अंगात येऊ देते, आजाऱ्याचे दुखणे आपल्यावर ओढून घेते, असे दिसते. हे वाचून थक्क व्हायला होते, पण घरातल्या बाईवर काळजीचा किती भार टाकलेला असतो हेही त्यातून समजते. सैलानीला किंवा आणखी कुठे साखळीने बांधलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ‘आपले गाव सांभाळून घेते’ हे वाक्य उच्चारताना अडखळायला हवे. तामिळनाडूतल्या एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा २८ जण बांधलेल्या अवस्थेत जळाले. तेही एका श्रद्धास्थानाच्या गावातच राहत होते.

शिवाय, गाव कायम जागेवर असते हेही गृहीत धरता येत नाही. हे लातूरकरांइतके कोणाला कळणार? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी आणि आसपासची गावे गेली. जगाला मदत, पुनर्वसन, नव्या घरांचे वाटप दिसले. अतुल देऊळगावकरांच्या ‘डळमळले भूमंडळ’मुळे त्यातले बरेच मराठीत नोंदले गेले. डॉ. मोहन आगाशे आणि पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेने भूकंपग्रस्तांच्या मनावरच्या परिणामांचा पाठपुरावा केला. (हेच आगाशे ‘कासव’चे निर्माते आणि त्यातले दत्ताभाऊ. मराठीत मानसोपचार आणि अभिनय एकाच घरात नांदल्याचा हा दुर्मीळ लाभ.) नव्या गावांत रस्ते रुंद आणि सरळ झाले, घरे एकमेकांपासून लांब गेली. जुन्या गल्लीत ओट्यावर बसलेल्या म्हातारीच्या नजरेतून काही सुटत नसे. कोण दोन दिवस बाहेर दिसला नाही, कोण रात्री ओरडत होता, हे तिला सगळ्यात आधी कळे. पोटरस्त्यांच्या चौकटीत तिची नजर पोहोचत नाही. समाजाधारित उपचार म्हणताना आपण ज्या समाजावर भिस्त ठेवतो, त्याच्या बांधणीत ओटा, पार आणि अरुंद गल्ली यांचा वाटा किती होता, हे या वसाहतींत फिरताना लक्षात येते.

आणि गाव दरवर्षी रिकामेही होते. दसरा-दिवाळी झाली की अहमदपूर, जळकोट, कंधार, मुखेडकडून कोयता निघतो. उचल घेतलेली असते, मुकादम दारात येतो, नवरा-बायको दोघांनाही जावे लागते. घरात स्किझोफ्रेनियाचा भाऊ असेल तर काय करतात? मी विचारले आहे. कधी म्हातारीच्या हवाली करतात, कधी बरोबर नेतात आणि फडावर बैलांपाशी बसवतात. दोन्हीकडे गोळ्या तुटतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या १९ व्या कलमाने आजारी माणसाला समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. समाजच पाच-सहा महिने साखर कारखान्याच्या फडावर असेल तर तो हक्क कुठे बजावायचा, याचे उत्तर कायद्यात नाही. ते पुण्यात बसून लिहिलेल्या कथेतही येणार नाही.

म्हणूनच रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’ची आठवण होते. लातूर तालुक्यातल्या काटगावचे बोराडे. ‘पाचोळा’ला मनोरुग्णाची कादंबरी कोणी म्हणत नाही. पण एका शिंप्याचे घर मोडत जाताना ते त्याच्या बायकोच्या, पारबतीच्या तोंडून, तिच्याच मराठवाडी बोलीत सांगायचे, हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. दळवींच्या वाड्यात वेडाला भाषा मिळते ती नाट्यमय, सुशिक्षित. ‘देवराई’त ती मिळते काव्यमय. पारबतीच्या भाषेत घर, धंदा, शेजार, लेकरे, पैसा हे सगळे एकाच वाक्यात येते, कारण तिच्या आयुष्यात ते वेगळे नसते. तीव्र मनोविकाराची गोष्टही तशीच असते. नवऱ्याचे आवाज, दुकानाची उधारी, सासूचे टोमणे आणि नांदेडची तारीख ही तिच्यापुढे चार प्रकरणे नसतात.

आज एखाद्या लेखकाने अशी कादंबरी लिहायला घेतली तर निवेदक म्हणून मी आशाताई सुचवीन. २०१५ मध्ये राज्य शासनाने मराठवाडा-विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, तेव्हापासून मन उदास आहे का, झोप लागते का, हे विचारण्याचे कामही आशांकडे आले. ती त्याच गावची सून असते. तिला मोबदला मिळतो, पगार नाही. बाळंतपण, लस, क्षयरोगाच्या गोळ्या या सगळ्यांच्या यादीत हे आणखी एक. दार उघडले जाते तेव्हा आत कोण आहे हे तिला आधीच माहीत असते. कोणत्या भावकीत भांडण आहे, कोणत्या देवऋषाकडे किती गेले, हेही माहीत असते, आणि तिच्या स्वतःच्या सासरचे त्या घराशी बोलणे नसेल तर तिला उंबरठ्यावरूनच बोलावे लागते. तिच्या जातीमुळे काही घरांत पाणीही मिळत नाही. साताऱ्याच्या अभ्यासातल्या कार्यकर्त्याचे काम ती करू शकेल का, या वादात आरोग्य खात्याने पडावे. मला वाचक म्हणून एवढे हवे आहे, की कोणीतरी तिला त्या उंबरठ्यावर उभी करून लिहावे. आत पत्र्याच्या खोलीत खाट आहे, भिंतीकडे तोंड करून तिशीतला एक माणूस पडला आहे, गाव त्याला येडा म्हणून ओळखते, आणि त्याला त्याच्या शाळेतल्या नावाने हाक मारायची का, मारली तर तो काय करील, हे तिला ठरवायचे आहे.